पाडव्याची छाटणी

हॅनोव्हर, ५ नोव्हेंबर २००६, रविवार

चि. ऊर्जा,

आशीर्वाद आहेतच, तू मागितलेस तरी आणि नाही मागितलेस तरी. पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. फोनवर तू जर्मनमध्ये हो-बरं म्हणत, "जा आई, गूट आई" करत दोन मिनिटांत मला गुंडाळून ठेवतेस, म्हणून लिहायला बसले. पत्राला मध्येच "मला जायचंय" म्हणता येत नाही. मराठी वाचायला तुला वेळ लागतो ते ठाऊक आहे मला. दर रविवारी स्वयंपाकघरात बसवून बाराखडी घोटून घेतली होती, ती आता कामी येऊ दे. उत्तर जर्मनमध्ये लिहिलंस तरी चालेल.

बाबांना हे पत्र माहीत नाही. त्यांना सांगून काही केलं तर ते होत नाही, हे तुला मी सांगायला नको.

काल अंजिराची कुंडी तळघरात नेली. यंदा बाबा खाली उतरले नाहीत. पित्ताने जरा बेजार आहेत, खाल्लेलं अंगी लागत नाही. शेजारचे ब्रिंकमान आपली ढकलगाडी घेऊन आले, आणि बाबा जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून हुकूम सोडत होते. "डावीकडे घ्या! अहो, फांदी वाचवा!" सगळं मराठीत. ब्रिंकमानही "गेनाऊ, गेनाऊ", अगदी बरोबर म्हणत, नेमके डावीकडे वळवत होते. दोन म्हातारे एकमेकांची भाषा न येता किती छान बोलतात, नाहीतर आपण.

यंदाही एक अंजीर पिकलं नाही. झाडावर घमेलंभर होती, हिरवी, कडक, बोटाने दाबली तरी न दबणारी. पहिल्या थंडीत निम्मी गळली, उरलेली मी तोडून कचऱ्यात टाकली. पुरंदरहून ती काडी ओल्या वर्तमानपत्रात आणि माझ्या परकरात गुंडाळून आणली त्याला आता नऊ वर्षं झाली. नऊ वर्षं बाबा झाडाची सेवा करतायत आणि नऊ वर्षं मी नोव्हेंबरात घमेलं रिकामं करतेय.

त्या गुढीपाडव्याला काय झालं ते तुला वेगळं सांगायला नको. पण आपण तिघांनी त्यावर कधी शब्द काढला नाही, म्हणून आज मीच लिहून टाकते. अडीच वर्षं झाली. तू इंजिनिअरिंग सोडून म्युनिकला बाउमशुलेत, म्हणजे रोपवाटिकेत, शिकायला गेलीस, हे बाबांनी तोवर कसंबसं गिळलं होतं. "शाळा सोडून झाडांच्या शाळेत गेली," असं ते लोकांना हसून सांगायचे, पण घरी आले की बोलायचे नाहीत. मातीतून बाहेर पडायला ते या देशात आले आणि पोरगी पुन्हा मातीत गेली, हे त्यांचं दुखणं. त्या दिवशी ऊन होतं म्हणून झाड टेरेसवर काढून ते छाटणी करत होते. त्यांच्या वडिलांनी शिकवलेली छाटणी, प्रत्येक फांदीला तीन डोळे, म्हणजे कोंब, राखून बाकी सगळं उडवायचं. आणि तू म्हणालीस, "बाबा, कापू नका. शेंड्यावरचे ते हिरवे मणी म्हणजेच फळं आहेत. जुन्या लाकडावरची, जुलैत पिकतात. तुम्ही दरवर्षी नेमकी तीच कापता. नव्या फुटीवरची इथे कधीच पिकणार नाहीत, इथला उन्हाळा तेवढा लांब नसतो."

शांतपणे म्हणाली होतीस. मी कबूल करते, शांतपणेच म्हणाली होतीस.

"मला अंजीर शिकवतेस?" तिथून जे सुरू झालं ते दारापर्यंत गेलं. "या झाडाला न छाटता एक जरी फळ पिकलं ना, तर मी स्वतः म्युनिकला येऊन तुला घेऊन येईन. तोवर या दारात पाय ठेवायचा नाही." आणि तू ठेवला नाहीस. खाण तशी माती.

मी तेव्हा काय म्हणाले ते तुझ्या लक्षात असेल. "ऊर्जा, बाबांना उलट बोलू नये." एवढंच म्हणाले. हातात लाटणं होतं, पाडव्याच्या पुरणपोळ्या चालू होत्या.

ख्रिसमसच्या सुट्टीत एकदा येऊन जा. ते बोलावणार नाहीत, मी बोलावते आहे.

तुझी आई

हॅनोव्हर, २१ जानेवारी २००७, रविवार

चि. ऊर्जा,

तुझं कार्ड पोचलं. दोन ओळी. "त्यांनी बोलावलं तर येईन. एक शब्द पुरे." जर्मनमध्ये ते फारच कोरडं दिसतं, पण एक शब्द पुरे आहे हे मी चार वेळा वाचलं. माफी नको, कौतुक नको, फक्त त्यांच्या तोंडून एक "ये". ठीक आहे. बापाकडून एक शब्द काढायचा म्हणजे काय, हे तू बाहेर राहून विसरली असशील, मी घरात आहे.

गुरुवारच्या वादळात ब्रिंकमानांच्या छपराची कौलं आपल्या टेरेसवर येऊन पडली. गाड्या बंद, रस्त्यात झाडं आडवी. आम्ही त्या दिवशी शहरात अडकलो होतो. दर तिसऱ्या गुरुवारी जावं लागतं, बाबांच्या पित्ताच्या तपासण्या असतात. तिथे सकाळभर खुर्चीत बसवून ठेवतात, बाटली लावतात, मी शेजारी विणत बसते. टॅक्सी मिळेना म्हणून आम्ही दवाखान्याच्या उपाहारगृहात चार तास बसलो. बाबांना सूप घेतलं, ते त्यांनी मलाच दिलं. वासाने मळमळतं म्हणाले.

केस त्यांनी अगदी बारीक करून घेतलेत. थंडीत कशाला, तर म्हणे धुवायला सोपे. टोपी घालून बसतात. शोभते त्यांना.

तुझा विषय काढला मी. काढला म्हणजे, सकाळी पेज देताना म्हटलं, "ऊर्जाचं कार्ड आलंय." पेजेत चमचा फिरवला. मग म्हणाले, "झाडाला पाणी घातलंस का तळघरात?" म्हटलं, "घातलं, वाटीभर." "जास्त नको. झोपलंय ते." एवढंच बोलणं झालं. पण कार्ड फेकून दे म्हणाले नाहीत. ते मी देवापाशी ठेवलंय, आणि देवापाशी ते दिवसातून दोनदा जातात.

तू थंडीत बाहेर काम करतेस, पायात दोन मोजे घालत जा. हे तुला आवडत नाही, तरी लिहिते.

तुझी आई

हॅनोव्हर, २५ मार्च २००७, रविवार

चि. ऊर्जा,

आज घड्याळं एक तास पुढे केली. आपल्या घरी चार घड्याळं, चारही बाबा पुढे करायचे, आज मी केली.

आमची झोपायची खोली आता वरची, रस्त्याकडची. बाबांना खाली-वर करायला नको म्हणून जेवणही वरच. सकाळी एक बाई येते मदतीला, फ्लेगेडीन्स्टची, घरोघरी मदतनीस पाठवणाऱ्या संस्थेची. माझी पाठ धरलीये ना, म्हणून. पोलंडची आहे, हसरी आहे, बाबांना "हेर डॉक्टर", डॉक्टरसाहेब, म्हणते. ते डॉक्टर नाहीत हे त्यांनी तिला अजून सांगितलेलं नाही.

पाडव्याच्या आदल्या दिवशी बाबा म्हणाले, "छाटणी राहिलीये. तू करशील?" आजवर कधी त्यांनी मला कात्री हातात दिली नाही. मग उशीला टेकून अर्धा तास शिकवलं. कुठून कापायचं, तिरकं का कापायचं, डोळ्याच्या किती वर, तीन डोळे कसे मोजायचे. "छाटणीशिवाय बहार नाही, सरिता. झाड आळशी असतं. कापल्याशिवाय ते जागं होत नाही." त्यांचे वडील बोलायचे ते सगळं बोलले. इतकं एका दमात ते या हिवाळ्यात बोलले नव्हते.

मी कात्री घेऊन तळघरात गेले. दिवा लावला. आणि शेंड्यांकडे बघितलं, ऊर्जा, तर तिथे खरंच मणी होते. वाटाण्याएवढे, हिरवे, प्रत्येक शेंड्याला दोन-तीन. नऊ वर्षं मी त्या कापलेल्या फांद्या झाडून गोळा करतेय, कधी नीट बघितल्या नव्हत्या.

मी धीराची बाई नाही. तिथे काही ठरवलं वगैरे, असं समजू नकोस. हात उचलला तो वर जाईना, इतकंच. मग वरून त्यांची हाक आली, "झालं का?" मी म्हटलं, "होतंय!" बुंध्याजवळची एक आडवी फांदी कापली, तिला मणी नव्हते, आणि ती घेऊन वर गेले. त्यांनी कापल्या जागेचा पांढरा चीक बोटाला लावून बघितला, वास घेतला, म्हणाले, "छान. तिरकं कापलंस." मग फांदी उशाशी ठेवून झोपले.

आता झाड न छाटलेलं आहे. हे फक्त तुला आणि मला माहीत आहे. मागची टेरेस त्यांच्या खिडकीतून दिसत नाही. त्यांनी घातलेली पैज मी त्यांच्या पाठीमागे खेळतेय असं वाटतं. पण एक फळ पिकलं तर ते शब्दाला बांधलेले आहेत. बाबा काहीही असोत, दिलेला शब्द मोडणारे नाहीत. तू फक्त जुलैपर्यंत वाट बघ.

तुझी आई

हॅनोव्हर, १७ मे २००७, गुरुवार

चि. ऊर्जा,

रविवारी मुटरटागला, मातृदिनाला, तू फोन केलास. तीन वर्षांत पहिल्यांदा तू आपणहून केलास आणि मी नीट बोलले नाही, तेव्हापासून मनाला लागून राहिलंय.

बाबा आजारी आहेत का, असं तू सरळ विचारलंस, "आई, इस्ट पापा क्रांक? खरं सांग. येऊ का?" आणि मी म्हटलं, "नाही गं, पित्त आहे, वय झालं." पाठीमागे ते खोकत होते ते तुला ऐकू आलं असणार. म्हणून पुन्हा लिहिते, काळजीचं काही नाही. अशक्तपणा आहे. औषधं चालू आहेत. तू म्हणालीस तुमच्या बाउमशुलेत हा सगळ्यात घाईचा महिना, माणसं कमी आहेत. तेव्हा सगळं टाकून पळत ये, असं काही नाही.

तू आपणहून आलीस तर मला हवंच आहे. पण तुझी अट तुझी, त्यांची अट त्यांची, आणि दोन्ही अटी नीट पाळून तू या दारातून आत आलीस तर पुढे कुणाला कुणाचं ऐकून घ्यावं लागणार नाही. आजाराचं निमित्त होऊन आलीस तर तो आजार बरा झाल्यावर पुन्हा मागचं पुढे. मला आता कायमचं मिटवायचंय. एकदा तूप सांडलं ते वाटीत भरायचं, तर थोडं थांबून भरू.

आज हिमेलफार्टची, ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाची, सुट्टी म्हणून ब्रिंकमान आले, कुंडी बाहेर काढली. आइसहायलिगे, मेमधले ते शेवटचे गारठ्याचे दिवस, झाले, आता थंडी परत येत नाही. एप्रिल इतका उन्हाचा गेला की तळघरातच झाड फुटायला लागलं होतं. मणी आता बोराएवढे झालेत. मी मोजले, अकरा आहेत. ब्रिंकमान म्हणाले, "आल्झो, फ्राऊ झेंडे, यंदा काय वेगळं केलंत?" मी तोंडावर बोट ठेवलं आणि वरच्या मजल्याकडे बघितलं. ते समजले. त्यांचीही बायको अशीच होती म्हणे, सगळं नवऱ्याच्या पाठीमागे करायची आणि संसार छान झाला.

बाबा रोज विचारतात, "फुटलं का?" मी म्हणते, "फुटलं." "तीन-तीन डोळ्यांतून?" "हो, तीन-तीन डोळ्यांतून."

तुझी आई

हॅनोव्हर, २९ जुलै २००७, रविवार

ऊर्जा,

पिकलं!

आज सकाळी पाणी घालायला गेले तर सगळ्यात खालचं मान टाकून लोंबत होतं. जांभळट, सालीला बारीक चिरा, आणि तळाशी मधाचा एक थेंब. हात लावला तर देठातून आपोआप हातात आलं. बाकीची दहाही फुगतायत. मी तिथेच पायरीवर बसले आणि रडले. कुणी बघत नव्हतं, ब्रिंकमान होते फक्त.

तुझं खरं होतं. हे मी तुला लिहून देते, हवं तर सही करून देते. त्या पाडव्यापासून तुझं खरं होतं आणि मी मूग गिळून गप्प बसले. तू एकटी पडलीस त्या दारात, तेव्हा मी तुझ्या बाजूने अर्धं वाक्य जरी बोलले असते तर बाबा थबकले असते. ते माझं ऐकत नाहीत असं मी जगाला सांगत आले, पण मी त्यांना कधी काही ऐकवलंच नाही. मला सोपं गेलं ते.

उद्या सकाळी त्यांना फळ देते आणि सगळं सांगते. छाटलं नव्हतं हे सांगते. मग ते मला फोन लावायला सांगतील, दुसरं काही ते करूच शकत नाहीत. त्यांना स्वतःला म्युनिकला येता येणार नाही, जरा थकलेत, तेव्हा शब्दाचा तेवढा भाग तू सोडून दे. बॅग भरून ठेव. मालकाला विचारून ठेव. फोन जवळ ठेव.

आई

हॅनोव्हर, ४ ऑगस्ट २००७

चि. ऊर्जा,

तुझं कार्ड मिळालं, "बॅग भरली आहे." अगं, अजून फळ दिलं नाही त्यांना. पोट जरा नाजूक आहे, डॉक्टरांनी कच्चं फळ नको म्हटलंय. फळ फ्रिजमध्ये आहे. त्यांना झोपही फार लागते आजकाल. जरा हुशारी आली की बोलते. तू फोन करू नकोस, मीच करीन.

आई

हॅनोव्हर, ९ सप्टेंबर २००७, रविवार

ऊर्जा,

आज बाबांना जाऊन एक महिना झाला.

हे पत्र वाचल्यावर तू माझ्याशी बोलणार नाहीस. तरी लिहिते. आजवरच्या पत्रांत मी जे लिहिलं त्यातलं निम्मं खोटं होतं, आणि उरलेलं निम्मं तुला उशिरा कळलं.

पित्त नव्हतं. स्वादुपिंडाचा कॅन्सर होता, ऑक्टोबरमध्येच कळला होता. मी पहिलं पत्र लिहिलं तेव्हा मला माहीत होतं. बाबा म्हणाले होते, "पोरीला कळवायचं नाही. दुखण्यासाठी आली तर ती माझ्यासाठी आली नाही." मी बरं म्हटलं. मुटरटागला तू विचारलंस तेव्हा ते समोर पलंगावर बसून माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे बघून तुला उत्तर दिलं. क्रेमाटोरियमच्या बाहेर गाड्या लावल्या होत्या तिथे तू मला जर्मनमध्ये म्हणालीस, "तू पित्त म्हणाली होतीस." इतकंच म्हणालीस. तुझ्या नखांत माती होती, मी कळवल्यावर कामावरून तशीच निघाली होतीस.

मग तू मराठीत विचारलंस. किती वर्षांनी माझ्याशी पूर्ण वाक्य मराठीत बोललीस. "त्यांनी एकदाही माझं नाव काढलं नाही?" आणि मी म्हटलं, "नाही गं, शुद्धीत नव्हते." तू "गूट" म्हणालीस आणि गाडीत बसलीस.

ते शुद्धीत होते. आणि नाव काढलं होतं. आता सांगते.

तीस जुलैला, सोमवारी, फ्लेगेडीन्स्टची बाई गेल्यावर मी ते फळ चिरून बशीत घेऊन गेले. त्यांना उशांना टेकवून बसवलं. बशीकडे बघून म्हणाले, "आपलं?" मी म्हटलं, "आपलं." एक फोड जिभेवर ठेवली. त्या दिवसांत पाण्याचा घोटही उलटायचा, पण ती फोड राहिली. दुसरी मागितली. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते हसत होते. जानेवारीनंतर हसलेले बघितले नव्हते मी त्यांना.

तेव्हाच सांगायचं होतं. तोंड उघडलं होतं मी. त्याआधीच त्यांनी विचारलं, "तीन-तीन डोळे राखले होतेस ना?"

आणि मी म्हटलं, "हो. तुम्ही सांगितलं तसंच."

का म्हटलं ते मला आजही सांगता येत नाही. त्यांना बरं वाटत होतं म्हणून, असं म्हणता येईल. पण तसं नाही. एकतीस वर्षं ते विचारायचे आणि मी हो म्हणायचे, तशीच म्हणाले.

"नऊ वर्षं मी छाटलं, एक पिकलं नाही," म्हणाले. "तुझ्या हाताला यश आहे, सरिता." मग थोडा वेळ दम घेतला. आणि म्हणाले, "फोन लाव पोरीला."

मी विचारलं, "काय सांगू?"

"सांग, पिकलं. छाटून पिकलं म्हणावं, बापाचं खरं झालं." परत हसले. "म्हणावं, आता पुरे झाला हट्ट दोघांचा. फळं आहेत झाडावर तोवर ये. मला बघायचंय तिला."

तुला एक शब्द हवा होता, ऊर्जा. त्यांनी एवढे सगळे शब्द दिले.

मी लावते म्हटलं आणि खाली आले. फोन हातात घेतला. तोवर माझं पत्र टपालात पडलं होतं, झाड छाटलेलं नाही हे तुला माहीत होतं. तू आली असतीस, सरळ टेरेसवर गेली असतीस, लांब लांब फांद्या बघितल्या असत्यास, आणि वर जाऊन त्यांना खरं ते सांगितलं असतंस. तुला खोटं बोलता येत नाही, ते तू माझ्याकडून घेतलं नाहीस. तू सांगितलं असतंस त्याला माझी हरकत नव्हती. मग ते माझ्याकडे बघतील, त्याची भीती वाटली. बायकोने मरणाच्या दारात आपल्याला फसवलं, हे डोळ्यांत घेऊन ते माझ्याकडे बघतील. वर जाऊन, माझं चुकलं, छाटलं नव्हतं, एवढं म्हणण्याचा रस्ता होता. जिना तेरा पायऱ्यांचा आहे. मी चढले, आणि वर जाऊन म्हटलं, "उचलत नाही."

"कामावर असेल. संध्याकाळी लाव."

संध्याकाळी म्हटलं, उचलत नाही.

दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, रोज. सकाळी पहिला प्रश्न तोच, "लावलास?" मी म्हणे, "लावला. उचलत नाही." सहाव्या दिवशी त्यांनी उशाशी फोन मागितला. मी म्हटलं, वरच्या खोलीत रेंज येत नाही. त्याच दिवशी तुला लिहिलं की फळ फ्रिजमध्ये आहे आणि तू फोन करू नकोस. दोघांनाही मी एकमेकांपासून हातभर लांब धरून ठेवलं, माझी अब्रू वाचावी म्हणून. उद्या सांगू, उद्या सांगू म्हणत होते. उद्या किती उरले होते ते डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, त्यामुळे तेही निमित्त नाही.

सातव्या दिवशी मी लावला का, ते त्यांनी विचारलं नाही. आपणच म्हणाले, "राहू दे. त्रास देऊ नकोस तिला. दारातून हाकलली मी, ती कशाला उचलेल? बरोबर आहे तिचं." मग तोंड भिंतीकडे केलं. त्यानंतर मॉर्फिन वाढवलं आणि बोलणं तुटक झालं. नऊ तारखेला दुपारी गेले. फक्त मी होते.

बाकीची दहा अंजिरं पिकून गांधीलमाश्यांनी खाल्ली. मी एकही तोंडात घातलं नाही.

तू माफ कर असं मी लिहिणार नाही. तू नाही करणार, आणि तुझ्या जागी मी असते तर मीही केलं नसतं. हे सगळं न सांगता मी मरू शकले असते, आणि तुझं माझं महिन्यातून दोन मिनिटांचं "जा आई, गूट आई" तरी चालू राहिलं असतं. तेही मी आज सोडते आहे. कारण आपल्या बापाने आपल्याला कधी हाक मारली नाही असं समजून तू उरलेलं आयुष्य काढणार, आणि आपली पोरगी शेवटपर्यंत फोन उचलत नव्हती असं समजून ते गेले. त्यांना मी आता काही सांगू शकत नाही. तुला सांगू शकते.

त्या दहा दिवसांत तुझा फोन एकदाही वाजला नाही, हे तुला माहीत आहे. कारण मी तो एकदाही लावला नाही.

आई